रथात बसणाऱ्याचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेचे स्मरण होताच डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो रथ. पुढे घोड्यांचे लगाम हाती घेतलेले भगवान श्रीकृष्ण आणि मागे धनुष्य घेऊन बसलेला अर्जुन. सारथ्याचे माहात्म्य सर्वांनी गाइले आहे. परंतु रथात बसलेल्याचेही काही कर्तव्य असते, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः पहिल्या अध्यायात रथ कोठे न्यावा हे सांगतो तो अर्जुनच. दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी रथ उभा कर, अशी विनंती तो करतो आणि भगवंत ती मान्य करतात. लगाम हाती नसला, तरी रथाच्या गतीविषयी बोलण्याचा अधिकार बसणाऱ्याला असतो. अर्जुनाने तो अधिकार वापरला, रथ थांबला, आणि म्हणूनच पुढचा संवाद घडू शकला.

आजच्या गृहस्थाच्या दारी रथाच्या जागी मोटार आली आहे. ती चालविणाऱ्याने कसे वागावे, यासाठी कायदा आहे, परवाना आहे, दंड आहे. परंतु त्या मोटारीत चौदा, पंधरा, सतरा वर्षांची जी मुलेमुली बसलेली असतात, त्यांचे काय? त्यांत कोणी चालकाचा मित्र असतो, कोणी मावसबहीण, कोणी वर्गबंधू. गाडी दुसऱ्याची, चाक दुसऱ्याच्या हाती, वेग दुसऱ्याच्या लहरीवर. अशा स्थितीत त्या बसलेल्या मुलावर काही नैतिक जबाबदारी येते काय? आणि येत असेल, तर ती पार पाडण्याचे बळ त्याने कोठून आणावे? वरवर पाहता हा रस्त्याच्या नियमांचा प्रश्न वाटतो. किंचित खोल पाहिले, तर तो कर्म आणि अकर्म यांचा, मैत्री आणि सत्य यांचा, आणि शेवटी घरातील वडीलधाऱ्यांच्या आचरणाचा प्रश्न आहे, असे दिसून येईल.

१९ मे २०२४ च्या पहाटे, सुमारे अडीच वाजता, पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीस धडक दिली आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. दोघेही मध्यप्रदेशातून नोकरीसाठी पुण्यास आलेले. त्यांतील तरुणी जबलपूरची होती. मोटार चालविणारा मुलगा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, अवघा १७ वर्षांचा होता आणि मित्रांसह मद्यपान करून निघाला होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्यास जामीन दिला आणि रस्त्यावरील अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, हे वृत्त वाचून सारा देश संतप्त झाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे, घरच्या पगारी चालकावर दोष स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचे आरोप झाले. मुलाच्या आईवडिलांना आणि आजोबांना अटक झाली. या आरोपांतील खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे.

या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या मोटारीत तो मुलगा एकटा नव्हता. त्याचे मित्रही तीत होते आणि तेही अल्पवयीन होते. घरचा पगारी चालकदेखील त्या वेळी गाडीतच होता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे त्या मित्रांच्याही रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होऊन तपास त्यांच्या घरांपर्यंत पोहोचला. त्या मुलांवर निवाडा देणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु त्यांच्या जागी आपलाच मुलगा किंवा आपलीच मुलगी बसली आहे, अशी कल्पना प्रत्येक गृहस्थाने एकवार करून पाहावी. रात्र सरत आली आहे, चालविणाऱ्या मित्राचे डोळे तांबारलेले आहेत, त्याचे वय गाडी चालविण्याचे नाही, आणि काटा वर वर चढत आहे. मागच्या आसनावरील ते मूल तोंडातून शब्द काढील काय? काढील, तर कोणत्या आधारावर? आणि न काढील, तर कशाच्या भयाने?

पुणे आणि जबलपूर यांत शेकडो कोसांचे अंतर आहे; त्या पहाटेने ते क्षणात मिटविले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि मराठी असोत वा हिंदी, तेथील घरांतील मुले आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-बंगळूरकडे जातात. एखादी मुलगी दूरच्या शहरातील रस्त्यावर सुखरूप राहील की नाही, हे त्या शहरातील अनोळखी मुलांच्या संयमावर अवलंबून असते. आणि तेथील मुलगी या मुलांच्या संयमावर. गोहलपूरसारख्या दाट वस्तीच्या भागात रस्ता म्हणजे केवळ वाहनांचा मार्ग नसतो. तेथे हातगाडी असते, सायकल असते, ई-रिक्षा असते, शाळेतून परतणारी पोरे असतात, नमाज किंवा आरती आटोपून घरी निघालेले वृद्ध असतात. अशा गल्लीतून मित्रांनी भरलेली मोटार जेव्हा हौसेने वेग घेते, तेव्हा आत बसलेल्यांइतकेच बाहेर चालणारेही त्या चाकाच्या स्वाधीन होतात.

लग्नसराईत तर हा धोका प्रत्येक घरात शिरतो. जबलपूरहून लखनादौन, सिवनीवरून वऱ्हाड नागपूरकडे निघते. वडीलधारी मंडळी एका गाडीत बसतात, सामान आणि आहेर दुसरीत, आणि उरलेल्या पोरांची म्हणून एक निराळी गाडी होते. ‘मुलांची गाडी’ असे तिचे नावच पडते. आसने पाच, बसलेली मुले आठ. चाकाशी नुकताच परवाना मिळालेला, प्रसंगी तोही न मिळालेला एखादा दादा. आत मोठ्याने गाणी चाललेली, पुढची गाडी मागे टाकण्याची पैज लागलेली. आयाबायांना समाधान एवढेच की पोरे एकत्र आहेत, मजेत आहेत. घरातील सर्वांत मौल्यवान ऐवज सर्वांत कच्च्या हाती सोपविला आहे, हे त्या आनंदात ध्यानी येत नाही. दागिन्यांचा डबा मात्र आजी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसलेली असते.

एकत्र असणे हीच येथे सुरक्षितता वाटते. अनुभव मात्र याच्या उलट आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, १६ वर्षांचा मुलगा एकटा गाडी चालवीत असता त्याच्या मृत्यूचा जो धोका असतो, तो बरोबर एक सोबती असता सुमारे १.४ पट, दोन असता सुमारे १.९ पट, आणि तीन वा अधिक असता सुमारे २.८ पट होतो. सोबती वाढला की धोका वाढतो. २००५ साली तेथील मानसशास्त्रज्ञांनी मोटार चालविण्याच्या एका खेळात निरनिराळ्या वयांच्या लोकांची परीक्षा घेतली. किशोरवयीन मुले एकटी असता बरीच सावध होती. मित्र पाहत आहेत असे होताच ती अधिक धोका पत्करू लागली. प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे या वयात साहसाचे मूळ हातापायांत कमी आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत अधिक असते. हे जाणून न्यूझीलंडने १९८७ सालापासूनच परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकास आरंभीच्या काळात, अनुभवी माणूस शेजारी असल्यावाचून, मित्रांना गाडीत घेण्याची आणि रात्री उशिरा गाडी चालविण्याची मोकळीक तेथे नसते.

हे सत्य महाभारतकारांना अपरिचित नव्हते. विराटपर्वातील उत्तर कुमाराची कथा कोणास ठाऊक नाही? कौरवांनी गाई पळविल्याचे वर्तमान आले तेव्हा तो अंतःपुरातील स्त्रियांमध्ये बसला होता. चांगला सारथी मिळाला तर आपण एकटेच सर्वांना जिंकून येऊ, अशा वल्गना त्याने त्या मंडळींपुढे केल्या. ऐकणारे नसते, तर त्या वल्गनाही झाल्या नसत्या. प्रत्यक्ष सेना दृष्टीस पडताच त्याच कुमाराने रथातून उडी टाकून पळ काढला. त्याचे दैव थोर की त्याच्या रथावर बृहन्नडेच्या वेषात अर्जुन होता. अर्जुनाने त्याची वाहवा केली नाही आणि त्याचा उपहासही केला नाही. धावत जाऊन त्यास धरले, धीर दिला, लगाम त्याच्या हाती देऊन त्याला पेलेल असे काम सोपविले. एकाच मुलाभोवती दोन प्रकारची माणसे होती. एकांच्या सान्निध्यात त्याची बढाई वाढली. दुसऱ्याच्या सान्निध्यात तो शहाणा होऊन घरी परतला.

आधुनिक अभ्यासही हेच सांगतो. २०१२ साली अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत असे दिसले की, १६-१७ वर्षांच्या चालकाबरोबर पस्तिशी ओलांडलेला प्रौढ बसला असता त्या चालकाच्या मृत्यूचा धोका एकट्याने जाण्यापेक्षाही सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होतो. गाडी तीच, रस्ता तोच, चालविणारा तोच. केवळ शेजारी बसणारा बदलला आणि परिणाम उलटा झाला. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. गाडीत बसणारा हा निर्जीव गाठोड्यासारखा नसतो. तो काही न करता बसला असला, तरी त्याच्या असण्याने गाडीची गती बदलत असते.

येथेच गीतेतील कर्मविचार आपल्या उपयोगी पडतो. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म जो पाहतो तो बुद्धिमान, असे चौथ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. या वचनाचे पारमार्थिक अर्थ आचार्यांनी विस्ताराने विवरिले आहेत. व्यवहारापुरता त्यातून एवढा बोध घेता येतो की, हातपाय हालविले नाहीत म्हणून माणूस कर्मातून सुटत नाही. ज्या प्रसंगी बोलणे उचित आहे त्या प्रसंगी गप्प बसणे, हेही एक केलेले कर्म आहे आणि त्यालाही फळ आहे. वेगाने बेभान झालेल्या मित्राला शेजाऱ्याचे मौन संमतीसारखे ऐकू येते. त्या मौनाच्या जोडीस एखादे ‘अजून पळव’ आले, तर ते उघड प्रोत्साहनच होते. आपला मोटार वाहन कायदाही हा भेद जाणतो. बेदरकारपणे किंवा मद्याच्या अमलाखाली गाडी चालविण्यास जो साहाय्य अथवा चिथावणी देईल, त्यासही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्या कायद्याच्या १८८ व्या कलमात सांगितली आहे. २०२२ साली चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी याच कलमाच्या आधारे, मद्यपी चालकाबरोबर बसलेल्यांनाही दंड करण्याचे जाहीर केले होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्यच आहे. पंधरा वर्षांच्या मुलावर एवढा भार टाकणे न्याय्य आहे काय? गाडी त्याची नाही, अनुभव त्याच्यापाशी नाही, प्रसंगी चालविणारा त्याच्यापेक्षा वयाने व बळाने मोठा असतो. शिवाय अपघातात जो स्वतःच प्राणास मुकला, त्याच्याविषयी ‘हा बोलला का नाही?’ असे विचारणे हे जखमेवर मीठ चोळणे होय. हा आक्षेप ध्यानात ठेवूनच पुढे गेले पाहिजे. दोष आणि कर्तव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. घडून गेलेल्याचा दोष वाटताना ज्याचे ज्ञान अधिक आणि सत्ता अधिक, त्याच्याकडे अधिक वाटा गेला पाहिजे. त्या न्यायाने पहिला वाटा चालविणाऱ्याचा आणि त्याच्या हाती किल्ली देणाऱ्याचा. बसलेल्या पोराचा वाटा अगदी शेवटचा आणि पुष्कळदा शून्यच. परंतु घडण्यापूर्वीचे कर्तव्य ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे प्रत्येकास आहे. बसलेल्या मुलापाशी एकच शक्ती असते, ती म्हणजे वाणी. ती अल्प आहे म्हणून व्यर्थ ठरत नाही.

पगारी चालकाच्या स्थितीचाही विचार येथे केला पाहिजे. ज्या घरचे अन्न खावे, त्या घरच्या मुलाला ‘चाकाशी बसू नकोस’ असे म्हणणे वयाने मोठ्या माणसालाही किती कठीण असते! द्यूतसभेत भीष्म आणि द्रोण यांची जी अवस्था झाली, ती याच जातीची होती. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तेव्हा ज्ञानाने आणि वयाने श्रेष्ठ असलेले पुरुष निरुत्तर किंवा निःशब्द झाले. विदुराने कान उघडले, ते कोणी मनावर घेतले नाही. त्या वेळी धृतराष्ट्राच्याच पुत्रांपैकी एक तरुण उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने निर्भयपणे सांगितले. तो विकर्ण. तो त्याच गोटातला होता, दुर्योधनाचा सख्खा भाऊ होता, आणि बोलण्याने त्याचा काहीच लाभ होणार नव्हता. कर्णाने त्यास पोरकट म्हणून झिडकारले. लहान तोंडी मोठा घास घेतोस, असाच त्याच्या बोलण्याचा आशय होता. विकर्णाच्या शब्दाने सभा थांबली नाही हे खरे. परंतु त्या सभेतील पुष्कळ थोरांची मान आजही खाली आहे आणि त्या पोराची मान ताठ आहे.

मुलाला गप्प बसविणारी वस्तू भय नसते; मृत्यूचे भय तर त्या वयाला शिवतही नाही. ती वस्तू म्हणजे भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपल्याकडे म्हणतात. रस्त्यावर मात्र ती मृत्यूची बहीण होते. हळू चालव म्हटले तर मित्र भित्रा म्हणतील, पुन्हा बोलावणार नाहीत, गाडीतले इतर हसतील, एवढ्याशा विचाराने जीभ टाळ्याला चिकटते. ही भीड मैत्रीतून उपजते असे मुलाला वाटते. पण विचार करता ती मैत्रीच्या अभावातूनच उपजते. ज्या मित्राला खरे सांगितले असता तो तुटेल असे वाटते, तो मित्र झालाच कोठे? अर्जुन आणि श्रीकृष्ण यांच्या सख्यात अर्जुनाने मनातील शंका, मोह, भय, सारे काही उघड बोलून दाखविले, आणि भगवंतांनीही त्याच्या बोलण्यातील चूक प्रथमच स्पष्ट दाखवून दिली. खऱ्या सख्याला दोन्ही बाजूंनी बोलता येते.

बोलावे कसे, हेही शिकविण्याजोगे आहे. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आले आहे. दुसऱ्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे म्हणजे वाणीचे तप. चारही गोष्टी एका वाक्यात आणणे हे मोठ्यांनाही साधत नाही. म्हणूनच त्यास तप म्हटले. गाडीतील मुलाने मित्रास सर्वांसमक्ष मूर्ख ठरविले, तर तो चिडून वेग वाढवील. ते सत्य असूनही हितकर होणार नाही. त्याऐवजी ‘मला मळमळते आहे, जरा हळू घे’, ‘मला भीती वाटते, थोडे थांबू या’ असे स्वतःवर घेऊन बोलले, तर मित्राचा मान राहतो आणि काम होते. आपली भीती कबूल करणे हा भित्रेपणा नाही. त्यास धैर्य लागते आणि ते धैर्य त्या गाडीत इतर कोणापाशी नसते. एकाने तोंड उघडले की दुसरा धीर करतो, हाही नित्याचा अनुभव आहे. कारण पुष्कळदा सर्वांनाच मनातून तेच वाटत असते.

परंतु मुलाने हे शिकावे कोठे? बाहेर शिकण्याची ही विद्या नाही. तिचा पहिला पाठ घरच्याच गाडीत होतो. वडील स्वतः गाडी चालवीत असता भ्रमणध्वनीवर बोलतात, सिग्नल तोडतात, किंवा घाईने चुकीच्या बाजूने पुढे काढतात. मागे बसलेली दहा वर्षांची मुलगी म्हणते, ‘बाबा, हळू चला ना.’ त्या क्षणी वडील काय उत्तर देतात, यावर पुढची सात वर्षे अवलंबून आहेत. ‘तुला काय कळते? गप्प बस’ असे उत्तर आले, तर मुलगी एक नियम शिकते: चालविणाऱ्याला बोलायचे नसते. सतराव्या वर्षी मित्राच्या गाडीत ती तोच नियम पाळील आणि तिच्या मौनाचे आश्चर्य मात्र आईवडिलांना वाटेल. उलट, वडिलांनी ‘बरे सांगितलेस’ म्हणून वेग कमी केला, तर त्या लेकराला कळते की आपल्या शब्दाला वजन आहे. श्रेष्ठ जसे वागतात तसेच इतर लोक वागतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले ते राजांपुरतेच नाही. घरातील चाकाशी बसणाऱ्यालाही ते लागू आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. मूल धोक्याच्या गाडीत बसते, त्याचे एक मोठे कारण घरच्यांचा धाक हे असते. उशीर झाला, मित्राने मद्य घेतले आहे, दुसरे वाहन नाही. घरी फोन करावा तर ‘तू तेथे गेलासच का?’ या प्रश्नाची धास्ती. अशा वेळी मूल वडिलांच्या रागापेक्षा मित्राच्या गाडीचा धोका पत्करते. मुलीच्या बाबतीत तर पेच दुहेरी असतो. ‘मला येथेच उतरव’ असे म्हणून अर्ध्या रात्री ओसाड रस्त्यावर उतरणे हेही तिला निर्धोक नसते. तेव्हा नुसते ‘बोल, उतर’ असे शिकवून भागणार नाही. उतरल्यावर तिला न्यायला कोणीतरी आले पाहिजे. सोळावे वर्ष लागले की पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असे जुने नीतिवचन सांगते. त्याचा आजचा अर्थ असा की, आईवडिलांनी मुलाला स्पष्ट वचन द्यावे: कोणत्याही वेळी, कोठूनही फोन कर, न्यायला येऊ, त्या रात्री एक शब्दही रागाने बोलणार नाही. जे काही विचारायचे ते दुसऱ्या दिवशी, शांतपणे. आणि एकदा दिलेले हे वचन पाळावे. ते एकदा मोडले, तर मूल पुन्हा फोन करणार नाही.

तिसरी गोष्ट आसनपट्ट्याची. पुढे बसणाऱ्याने पट्टा लावायचा, मागे बसणाऱ्याला त्याची गरज नाही, असा एक समज सुशिक्षित घरांतही रूढ आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागच्या आसनावर होते आणि मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात आढळले. त्या दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. त्याच वर्षी भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यांत चालकांच्या जवळजवळ बरोबरीने, म्हणजे ८,३३१, केवळ प्रवासी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ती एकाएकी थांबली, तरी आत बसलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते आणि पुढच्या माणसावर जाऊन आदळते. म्हणून मागे बसणाऱ्याचा पट्टा हा पुढे बसणाऱ्याच्याही रक्षणासाठी असतो. मित्राला हळू चालव म्हणण्याची हिंमत ज्या मुलाला होत नाही, त्यालादेखील बसताच पट्टा लावता येतो. आणि ज्या गाडीत पट्ट्यांपेक्षा माणसे अधिक, त्या गाडीत न बसणे हे तर कोणासही शक्य आहे.

राहिला किल्ली देणाऱ्याचा विचार. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मोटार चालविण्याची अनुज्ञा आपल्या कायद्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात १९९-अ हे कलम घातले गेले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘नकळत घडले’ हे पालकाला सिद्ध करावे लागते. कायद्याने हे उशिरा सांगितले. धर्माने ते पूर्वीच सांगितले आहे. पुत्रमोहाने आंधळा झालेला धृतराष्ट्र द्यूत थांबवू शकला असता. तो काय जिंकले एवढेच उत्कंठेने पुन्हा पुन्हा विचारीत राहिला. मुलगा सोळाव्या वर्षी गाडी किती सफाईने चालवितो, हे पाहुण्यांना कौतुकाने सांगणारा पिता त्याच आसनावर बसलेला असतो. त्या कौतुकाचे सुख आरंभी अमृतासारखे लागते. अठराव्या अध्यायात राजस सुखाचे लक्षण असेच सांगितले आहे, आणि परिणामी ते विषासारखे होते, हेही तेथेच सांगितले आहे. ते विष पुष्कळदा दुसऱ्याच्याच घरी पोहोचते, हे कल्याणीनगरच्या पहाटेने जबलपूरला दाखवून दिले.

तात्पर्य, रस्त्यावरील सुरक्षिततेचा आरंभ रस्त्यावर होत नाही. मुलांच्या गाडीत एक तरी प्रौढ बसवावा. आसनांहून अधिक मुले कोणत्याही गाडीत बसवू नयेत, मग त्यासाठी वऱ्हाड दोन तास उशिरा पोहोचले तरी चालेल. परवाना नसलेल्या हाती किल्ली देऊ नये. मुलाने वेगाविषयी केलेली सूचना, ती स्वतः वडिलांना उद्देशून असली तरी, उद्धटपणा मानू नये. आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या मुलाच्या फोनसाठी दार आणि मन दोन्ही उघडे ठेवावे. यांपैकी कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. कोणतीही करण्यास सरकारची वाट पाहावी लागत नाही. येत्या लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या ठरवितानाच गृहस्थाने यांचा आरंभ करावा, आणि त्या वेळी घरातील सर्वांत लहान प्रवाशास विचारावे की, वाटेत भीती वाटली तर तू काय म्हणशील? तो जे उत्तर देईल, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.